पांडुरंग सांगवीकर आणि वाचकाची आवड

१९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' प्रसिद्ध झाली, तेव्हा लोभस नायक आणि बांधेसूद कथानक यांना सरावलेल्या मराठी वाचकापुढे पेच उभा राहिला. पांडुरंग सांगवीकर कुणाला आवडावा असा नाहीच. वडिलांचा पैसा तो पुण्यात उधळतो, परीक्षेत नापास होतो, गावी परततो आणि तिथेही रमत नाही. कथानक म्हणावे तर एवढेच. (एवढ्या ऐवजावर एखाद्याने फार तर लघुकथा लिहिली असती!)

पण मनीच्या मृत्यूची पाने येतात. धाकटी बहीण जाते आणि पांडुरंगाचा तिरकस, टवाळ स्वर एकाएकी उघडा पडतो. तो सद्गुणी असता, तर वाचकाने त्याचे दुःख गृहीत धरले असते; ज्याची मघापर्यंत चीड येत होती, त्याच्याच शोकात सामील व्हावे लागते म्हणून ते दुःख झोंबते. 'आवडणे' आणि 'आपलासा वाटणे' यांतले अंतर मराठी समीक्षेने पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

कथानकाचेही तसेच. नेमाड्यांनी घटनांची कार्यकारणसाखळी नेटकी जुळवली असती, तर मनीच्या मरणालाही काहीतरी अर्थ लाभला असता. पांडुरंगाची सारी तडफड तर तो अर्थ लागत नाही याचीच आहे.