तुळशीने न पाहिलेल्या बांगड्या

मुलांना ठोकून द्यावं तसं उत्तर देऊ नये, हे मी दहाजणींना सांगत असते. आणि परवा मीच दिलं!

कोजागिरीचं दूध आटत होतं. धाकटीने गच्चीवरून ओरडून विचारलं, "आई, चंद्राची मागची बाजू का दिसत नाही गं?" दूध उतू जायच्या बेतात. म्हटलं, "तो स्वतःभोवती फिरतच नाही. आणि मागे नुसता काळोख असतो."

पोरीने तसंच वहीत लिहिलं. दोन्ही वाक्यांवर लाल फुल्या! "पण मी वर्गात सांगितलं, माझ्या आईने सांगितलंय म्हणून," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यांना विचारलं, तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सव्वासत्तावीस दिवसांत पृथ्वीभोवती एक फेरी, तेवढ्यातच स्वतःभोवती एक गिरकी." पाठ होतं हो, पण गिरकी घेतो तर पाठ का दिसत नाही? लेकीचा हाच प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझाही.

उत्तर सापडलं अंगणात. सासूबाई तुळशीला प्रदक्षिणा घालत होत्या. लेकीला वृंदावनापाशी उभं केलं. "तू तुळस. आजीचा कुठला हात दिसतो?"

"उजवाच."

"आणि आजीचं तोंड?"

"आधी फाटकाकडे, मग विहिरीकडे, मग भिंतीकडे... अय्या, म्हणजे आजी स्वतःभोवती फिरली!"

सासूबाई थबकल्या. "इतकी वर्षं घालतेय, पण डाव्या हातातल्या बांगड्या तुळशीने पाहिल्याच नाहीत म्हणायच्या!"

काळोखाची चूक राहिली होती. सासूबाई उन्हाच्या बाजूला आल्या, तेव्हा तुळशीकडचा हात सावलीत आणि डाव्यावर लख्ख ऊन. आपली अमावास्या असते तेव्हा चंद्राच्या पलीकडे भर दुपार असते, ती ही अशी.

मग यांनीही पेपर ठेवला. त्या बाजूचे पहिले फोटो १९५९ मध्ये रशियाच्या लुना-३ यानाने काढले. जानेवारी २०१९ मध्ये चीनचं यान तिथे उतरलं. २०२४ मध्ये त्यांनी तिथली माती आणली, दोन किलोला जराशी कमी. "आणि आपलं चांद्रयान?" ते २०२३ मध्ये उतरलं, पण दिसणाऱ्या बाजूवर, दक्षिणेकडे.

लेकीने वहीत उत्तर नव्याने लिहिलं. खाली एक ओळ जास्त होती: 'आधीचं उत्तर आईचं होतं, हे आजीचं आहे.'

पालकांची सही मलाच करावी लागली.