ओले?

घडा पालथा घातला कोणी, हे त्या म्हणीत कोठेच सांगितलेले नाही. पालथ्या घड्यावर पाणी, एवढे बोलून बोलणारा मोकळा होतो आणि ज्याला उद्देशून ते बोलले गेले तो त्या तीन शब्दांभोवती रात्रंदिवस घुटमळत राहतो. आमच्या घरी सायंकाळी घडे घासून झाले की ते पालथेच घालीत. घडा स्वच्छ झाला आहे, निथळतो आहे आणि सकाळी पुन्हा भरावयाचा आहे, याची ती खूण असे. मग जे भांडे उद्याच्या पाण्यासाठी सिद्ध होत आहे, तेच काहीही ग्रहण न करणाऱ्या चित्ताचा दाखला कसे ठरले? आणि चाळीस वर्षे पवित्र शास्त्र वाचीत आलेल्या माणसाला तो दाखला लागू पडतो की नाही, हे कोणी ठरवावयाचे?

मी शास्त्र धाकाने वाचीत नाही, गोडीने वाचतो. माझे वडील निजामी अमलात कारकून होते. दिवसभर उर्दू दप्तरात मान घालून बसल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात ते मराठी शास्त्र मोठ्याने वाचीत, आणि त्या वाचनात दिवसाचा सारा शीण उतरलेला आम्हां मुलांना प्रत्यक्ष दिसे. ती गोडी माझ्याकडे वारशाने आली. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बाईलाही वाचता यावे अशा मराठीत सबंध शास्त्र उतरविले, ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला, आणि तो ग्रंथ १९२४ साली छापून बाहेर पडला, हे आठवले म्हणजे मला आजही पान उलटताना हात जरा जपून न्यावासा वाटतो. यिर्मयाने हिन्नोमच्या खोऱ्यात जी सुरई फोडली तिचे मूळ नाव ‘बक्बूक’, आणि ते पाणी ओतताना होणाऱ्या आवाजावरून पडले असावे, हे प्रथम कळले तेव्हा मी तो शब्द दिवसभर लहान मुलासारखा घोळवीत होतो.

त्या सुरईच्या आदल्याच अध्यायात कुंभाराचे घर आहे. परमेश्वराच्या हुकमावरून संदेष्टा तेथे जातो. चाकावरचे भांडे कुंभाराच्या हातात बिघडते आणि कुंभार त्याच मातीचे दुसरे भांडे करतो. हिब्रूत कुंभाराला जो शब्द आहे त्याचाच धातू उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीपासून मनुष्य घडविणाऱ्या देवासाठी योजिला आहे. आमच्या घरच्या शास्त्रात या अध्यायाच्या समासात वडिलांनी पेन्सिलीने एकच शब्द लिहून ठेवला आहे: ‘ओले?’ प्रश्नचिन्हासह. हयातीत मी त्यांना त्याचा अर्थ विचारला नाही.

तेरेत राहून हा अध्याय वाचणे म्हणजे दोन कुंभारांच्या मध्ये बसणे आहे. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे, आणि संतमेळ्यात काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके पारखले, इतर गप्प राहिले, नामदेव मात्र रागावले आणि कच्चे ठरले, ही कथा येथे मूल बोलावयास लागते त्या सुमारास ऐकते. नामदेवांना ते कच्चेपण इतके झोंबले की ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. म्हणजे येथे कच्चे असणे ही लाज आहे. यिर्मयाकडे मात्र कच्चे असणे हीच आशा. जे भाजून निघाले ते एकोणिसाव्या अध्यायात फुटते आणि पुन्हा सांधता येत नाही. दोन्ही कुंभार मला पूज्य आहेत, आणि दोघांचे म्हणणे एकाच वेळी मान्य करण्याची युक्ती मला अद्याप सापडलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका कुंभाराच्या अंगणात बराच वेळ बसलो होतो. डाव्या हाताने मडक्याच्या आत दगड धरून, उजव्या हाताने बाहेरून थापटणे मारीत, तो त्याची भिंत पातळ आणि पोट मोठे करीत होता. शेजारी एक बाई भाजलेले मडके घेत होती, ती मात्र बोटाच्या पेराने वाजवून पाहत होती. खणखणीत वाजले तर घ्यावयाचे, बद्द वाजले तर ठेवावयाचे. तेव्हा माझ्या ध्यानात आले की थापटणे हे मुळी पारखण्याचे हत्यार नव्हेच, ते घडविण्याचे हत्यार आहे, आणि पक्क्या मडक्यावर ते मारले तर मडके फुटेल. काकांसारख्या जन्माच्या कुंभाराला हे ठाऊक नव्हते काय? मग त्या मेळ्यात ते हत्यार ज्याच्यासाठी योग्य होते असा एकच माणूस होता, आणि तो ओरडला. मी हे लिहितो आहे खरा, पण वारकरी शेजाऱ्यांना विचारण्याचे धाडस मला झालेले नाही.

कुंभाराला मी विचारले, मडके किती वेळपर्यंत मोडून पुन्हा करता येते? तो म्हणाला, “वाळलं तरी भिजवलं की परत माती हुती, साहेब. आव्यातनं निघालं की मग न्हाई.” वाळलेले कोणते आणि भाजलेले कोणते, हे पाण्यात घातल्याशिवाय माझ्यासारख्याला सांगता आले नसते.

येथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळची खापरे आहेत. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे हेच तेर, असल्याची आणि येथून कापड गाड्यांनी भडोचला जात असल्याची नोंद आहे. त्याच पहिल्या शतकात, त्याच ग्रीक भाषेत, पौलाने करिंथकरांना मातीच्या भांड्यांतल्या ठेव्याविषयी लिहिले. ती खापरे टिकली ती भाजली होती म्हणून. न भाजलेली मडकी केव्हाच तेरणेच्या गाळात मिसळली असतील. टिकणे बरे की मिसळणे बरे, हा कज्जा मी तेथे उभ्या उभ्या निकालात काढू पाहिला आणि पहारेकऱ्याने दार लावण्याची वेळ झाल्याचे सांगितले.

तर म्हण पुन्हा पाहतो. घडा पालथा असो की सुलटा, तो कच्चा असता तर पाणी पडताच विरघळला असता. म्हणीतला घडा भाजलेला आहे, हे तिने न बोलता गृहीत धरले आहे. आणि सुलट्या, पक्क्या घड्यात पाणी राहते, गार होते, गोड लागते. माझे वाचन मला गोड लागते. चाळीस वर्षांत त्या पाण्याने माझा एखादा काठ तरी ढासळला काय, याची आठवण करू गेलो तर गोडी तेवढी आठवते. वडील रोज वाचीत आणि रोज प्रसन्न होत, आणि तरी त्यांनी तो शब्द लिहिला. तो यरुशलेमविषयी होता, मातीविषयी होता, की स्वतःविषयी, हे त्या फिकट अक्षरांवरून कळत नाही. काल पुन्हा तो अध्याय वाचला. समासात त्या शब्दाखाली बरीच जागा आहे. पेन्सिल हातात घेतली होती, ती पानातच ठेवून ग्रंथ मिटला.