भिंतीतल्या गोचिडी

शेरूची सगळी इंजेक्शनं वेळच्या वेळी झालेली. रेबीज, पार्वो, डिस्टेंपर, कार्डावर एकही नोंद राहिलेली नव्हती. त्यामुळे वैशाखात त्यानं भाकरीला तोंड लावणं सोडलं तेव्हा आम्ही उन्हाळ्यालाच दोष दिला. मग एका संध्याकाळी त्याच्या नाकातून रक्त आलं.

डॉक्टरबाईंनी ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायला हव्यात, त्या पांढऱ्याफटक पडलेल्या. जांघेत बारीक लाल ठिपके. रक्त तपासलं तर प्लेटलेट्स, ज्या दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात, त्या वीस हजारांवर आलेल्या. गोचीड ताप. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो.

"पण बाई, लशी तर सगळ्या झाल्यात!"

"याची लस निघालेलीच नाही. गोचीड आवरा. आणि अंगावर नका शोधू नुसती, घरात शोधा."

डॉक्सीसायक्लिन २८ दिवस चाललं, तेही भरल्या पोटी, नाहीतर उलटी. शेरू हळूहळू उठून बसू लागला. खरी झुंज पडवीत होती. रात्री बॅटरी घेऊन मी भिंत पाहिली. चौकटीच्या वर, गिलावा सुटला होता तिथल्या फटीत एरंडीच्या बीएवढी टम्म फुगलेली मादी आणि तिच्यापुढे चकचकीत तपकिरी अंड्यांचा ढीग. एक मादी हजारोंनी अंडी घालते. ही जात रक्त पिऊन झालं की कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंत चढते, फटीत कात टाकते आणि पुन्हा कुत्रा गाठते. पिल्लू असताना, अर्धवट वाढल्यावर आणि पुरती वाढल्यावर, असं तीनदा ती रक्त पिते. आयुष्याचा बहुतेक काळ ती कुत्र्यावर नसतेच. रोज चिमट्यानं काढूनही रोज नव्या का दिसायच्या, ते तिथं कळलं.

शेरूचं गोणपाट जाळलं. फटी सिमेंटनं बुजवल्या. डॉक्टरबाईंनी दिलेलं औषध भिंतीवर फवारलं, वाळेपर्यंत शेरूला परसात बांधलं आणि पुढं फुटणाऱ्या अंड्यांसाठी काही आठवड्यांनी पुन्हा फवारलं. शेरूला वजन बघून तीन महिन्यांची गोळी सुरू केली. गावात अजून रॉकेल चोळतात. त्यानं कातडी भाजते आणि चाटलं तर जनावराच्या जिवावर बेततं, हे मी भेटेल त्याला सांगतो.

शेजारच्या काकू मात्र वेगळ्याच काळजीत होत्या. शेरूसाठी आणलेल्या, मानेवर टाकायच्या थेंबांतले उरलेले त्यांना त्यांच्या मनीसाठी हवे होते. मी नळी दिली नाही. तिच्यात पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराच्या शरीराला ते नीट पचवून बाहेर टाकता येत नाही. थरथर सुटते, झटके येतात, मांजर जातं. काकू आधी रागावल्या. दुसऱ्या दिवशी मनीला पिशवीत घालून माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या, आणि डॉक्टरबाईंनी तिचं वजन करून मांजराचं वेगळं औषध दिलं.