घोडेस्वार नातीसाठी भेट

व्यापारी कुटुंबांत भेटवस्तूंचा हिशोब बहुधा ठरलेला असतो. विवाह, गृहप्रवेश, नव्या दुकानाचा मुहूर्त, तपश्चर्येचे पारणे अशा प्रत्येक प्रसंगी चांदीचे नाणे, कापड किंवा पाकीट यांपैकी काय द्यावयाचे, याचा संकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. घेणाऱ्यास त्या वस्तूची गरज आहे किंवा नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. बँकेतील माझी बरीचशी नोकरी मात्र कर्जाचे अर्ज तपासण्यात गेली. मागणाऱ्याला खरोखर काय हवे, ते त्याला पेलेल काय, आणि त्याची उपयुक्तता किती वर्षे टिकेल, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. नातीच्या बाराव्या वाढदिवशी या सवयीचा पुरेपूर उपयोग झाला.

माझी नात घोडेस्वारी शिकते. माथेरानच्या तांबड्या वाटेवर सहा वर्षांची असताना ती प्रथम घोड्यावर बसली आणि तेथेच या छंदाचे बीज पडले. आता पुण्याजवळच्या एका पागेत दर रविवारी पहाटे तिचा अभ्यास चालतो. घरात यावर एकमत नव्हते. सूनबाईंना पडण्याचे भय वाटे. आमच्या सौभाग्यवतींचा आक्षेप अधिक मूलगामी होता. मुक्या जीवाच्या पाठीवर बसून आनंद मिळवणे आपल्या आचारात बसते काय, असे त्या विचारीत. अशा वेळी आजोबांनी दिलेली भेट ही एका पक्षाला दिलेली संमतीच ठरणार होती. म्हणून ती विचारपूर्वक निवडणे भाग होते.

मी प्रथम पागेत जाऊन तिच्या शिक्षकांना भेटलो. ते घोडदळातील निवृत्त रिसालदार. त्यांनी सुरुवातीलाच दोन वस्तू बाद केल्या. पहिली खोगीर. ते स्वारापेक्षा घोड्याच्या पाठीला बसावे लागते. मापात न बसणाऱ्या खोगिराने घोड्याची पाठ सोलवटते, आणि शिकाऊ मुलांना तर दर आठवड्याला निराळा घोडा मिळतो. दुसरी वस्तू चाबूक. “हात स्थिर होईपर्यंत मुलाच्या हाती चाबूक देऊ नये, साहेब,” एवढेच ते म्हणाले.

मग हेल्मेटचा विषय निघाला. स्वारीचे हेल्मेट निराळे असते. सायकलचे किंवा मोटारसायकलचे त्या जागी चालत नाही. आतील बाजूस प्रमाणित असल्याचे चिन्ह असावे. ते कपाळावर सरळ बसावे, हनुवटीखालचा पट्टा आवळल्यावर मान हलवली तरी डोक्यावर सरकू नये. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसले तरी आतील फोम दबलेला असू शकतो, म्हणून ते बदलावे. वापरलेले, दुसऱ्याकडून आलेले हेल्मेट याच कारणासाठी घेऊ नये. काटकसर हा आपला गुण असला, तरी काही वस्तूंचा घसारा डोळ्यांना दिसत नाही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावयास नको. अडचण एकच. हेल्मेट मुलाच्या डोक्याचे माप घेतल्यावाचून विकत घेता येत नाही. त्यामुळे भेट गुप्त ठेवून चकित करण्याचा बेत सोडावा लागतो.

बुटांच्या बाबतीत रिसालदारांनी टाचेवर बोट ठेवले. तळ गुळगुळीत आणि टाच थोडी उंच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पडलेल्या स्वाराचा पाय रिकिबीत अडकणे हा मोठा धोका आहे, आणि धावण्याच्या सपाट बुटांनी तो वाढतो. येथे आमच्या घरचा प्रश्न उभा राहिला. स्वारीचे बूट, हातमोजे, पिंडऱ्यांवरची वेष्टने, सारे परंपरेने चामड्याचे. चौकशी केल्यावर समजले की रबराचे व कृत्रिम कापडाचे बूट, सुती किंवा नायलॉनचे हातमोजे सहज मिळतात. इतकेच काय, चामड्यावाचून बनवलेली खोगिरेही आता वापरात आहेत. वाढत्या वयाच्या मुलांचे बूट वर्षभरात लहान होतात, तेव्हा स्वस्त आणि धुता येणारे बूटच सोयीचे. खरारा करण्याचे ब्रश घेतानाही मात्र लक्ष द्यावे. काही ब्रशांचे केस डुकराचे असतात. नायलॉनचे मागून घ्यावेत.

सौभाग्यवतींच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला शास्त्रातच शोधावेसे वाटले. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत: बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीबाहेर भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. हे पाचही अतिचार गाडीचे बैल व स्वारीचे घोडे बाळगणाऱ्या गृहस्थाला उद्देशून सांगितल्यासारखे आहेत. मी ती यादी खिशात ठेवून पुन्हा पागेत गेलो, जणू तपासणीलाच. पाणी समोर होते. चारा दिवसभर थोडा थोडा दिला जात होता. घोड्याचे जठर लहान असते व त्याला ओकारी करता येत नाही, म्हणून एकदम भरपूर खाऊ घालणे हेही घातकच. स्वार व खोगीर मिळून भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा संकेत तेथे पाळतात. पाठीवर जखम असलेल्या घोड्याला त्या दिवशी सुट्टी होती. हे सारे मी घरी येऊन सांगितले. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “मग तिला हेच आधी शिकवा. बसणे मागाहून.”

त्या एका वाक्याने भेट ठरली. हेल्मेट सूनबाईंच्या काळजीसाठी घेतले, आणि माप घ्यावयास त्याच नातीबरोबर गेल्या. आजीच्या वतीने घेतली ती खराऱ्याची पेटी: माती सैल करणारा रबरी खरारा, नायलॉनचा ब्रश, सुती फडके आणि खूर साफ करण्याची आकडी. खुराच्या मध्यभागी मऊ त्रिकोणी भाग असतो, त्याला न दुखवता टाचेकडून पुढे माती काढावयाची, हे आता नात आम्हालाच समजावून सांगते.

खाऊचा प्रश्न तेवढा उरला होता. घोड्याला गाजर प्रिय, आणि आमच्या स्वयंपाकघरात कंदमुळाला प्रवेश नाही. तोडगा आजीनेच काढला. सफरचंदाच्या फोडी, तळहात सपाट ठेवून, आणि तेही शिक्षकांना विचारून.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा छंद उपजला असेल, तर तो श्रीमंतांचा शौक म्हणून झटकून टाकू नये. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले. घोडेस्वारीत भारताला हे सुवर्ण ४१ वर्षांनी लाभले, आणि चौघांच्या त्या संघात सुदीप्ती हजेला व दिव्यकृती सिंग या दोन तरुणी होत्या. ऑलिंपिकमध्येही या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. आपल्या परंपरेला तर घोडा मुळीच परका नाही. तिसरे तीर्थंकर भगवान संभवनाथ यांचे लांछन घोडाच आहे.

आणखी एक भेट सुचवितो, ती कोणत्याही मापाशिवाय देता येते. शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३४ साली मुंबईत पांजरापोळ स्थापन केली. अशा संस्था आज अनेक शहरांत आहेत. जवळच्या संस्थेत म्हातारा घोडा सांभाळला जात असेल, तर त्याच्या महिन्याच्या चंदीचा खर्च मुलाच्या नावे भरावा आणि पावती मुलाच्या हाती द्यावी. आमच्या नातीने ती पावती हेल्मेटच्या खोक्यात जपून ठेवली आहे. पुढच्या वर्षी नवे बूट लागतीलच, पण ही चंदी थांबवू नका, असे तिने मला आत्ताच बजावून ठेवले आहे.