तेलपालट

सेवानिवृत्त शिक्षकापाशी दोन गोष्टींची वाण कधीच पडत नाही. एक रिकामा वेळ आणि दुसरी उपदेशाची हौस. तेव्हा मोटारसायकलीच्या तेलासारख्या विषयावर मी लेखणी उचललेली पाहून वाचकांनी मनातल्या मनात हसावे, हे स्वाभाविक आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढे संस्कृतात रमलेला आणि जन्मभर मुलांकडून शब्दरूपे व धातुरूपे घोकून घेतलेला मनुष्य. त्याला यंत्रातले काय कळणार? हा आक्षेप मला सर्वस्वी मान्य आहे. किंबहुना मला काही कळत नव्हते, आणि ते कळत नाही हेही कळत नव्हते, म्हणूनच पुढील प्रकार घडला.

आम्ही बेसा येथे घर बांधले तेव्हा मनीषनगर ओलांडले की शेतेच लागत. आता तेथे इमारतींची दाटी झाली आहे. माझी शाळा घरापासून चौदा किलोमीटरवर होती. आरंभी माझ्याकडे जुन्या पद्धतीची टू-स्ट्रोक स्कूटर होती. तिला लिटरभर पेट्रोलामागे वीसएक मिलिलिटर तेल घालावयाचे. ते पेट्रोलाबरोबर जळून धुराच्या रूपाने निघून जाई. इंजिनातले जुने तेल काढून नवे भरावे, असा प्रश्नच तेथे उद्भवत नसे. पुढे फोर-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. हिच्यात तेच तेल इंजिनात राहते, फिरते, झिजणारे भाग भिजवते आणि तेथील घाण स्वतःच्या पोटात घेते. तिच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते, की तेल सहा हजार किलोमीटरनी किंवा एका वर्षाने, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे. शाळेची जाण्यायेण्याची अठ्ठावीस किलोमीटरांची रपेट रोजचीच; त्यामुळे सहा हजारांचा आकडा वर्षाच्या आतच भरे. वाक्याचा पूर्वार्ध नेहमीच आधी येत गेल्यामुळे उत्तरार्धाकडे माझे कधी लक्षच गेले नाही.

मग निवृत्ती आली. गाडीचे काम आता भाजी, बँक आणि सायंकाळी स्वामी समर्थांचे मंदिर एवढेच उरले. महिन्याकाठी शंभर किलोमीटर झाले तरी पुष्कळ. मी त्रैराशिक मांडले आणि तेल आता पाच वर्षांनी बदलावयाचे, असा निर्णय करून टाकला. गणित बिनचूक होते!

माझी गाडी पाहणारा कारागीर हा माझा जुना विद्यार्थी. नववीत संस्कृतात तो नापास झाला होता, पण हात मोठा कसबी. एकदा चाकातील हवा पाहून घेण्यासाठी गेलो असता तो म्हणाला, "गुरुजी, तेल बदलून दीड वर्ष झालं. या वेळी बदलून टाकू."

"अरे, अठराशे किलोमीटर तरी झाले आहेत का?"

"किलोमीटर झाले नाहीत गुरुजी, पण महिने झाले ना."

मला त्यात गिऱ्हाईक नाडण्याचा वास आला. चार माणसे उभी असताना मी म्हणालो, "वर्गात तुझे पाढे चुकत होते, आता माझा हिशेब चुकवतोस काय?" त्याने मान खाली घातली, चिंधीने हात पुसले आणि किल्ली माझ्या हाती दिली. त्याचे मौन म्हणजे अपराधाची कबुली, असे समजून मी विजयी मुद्रेने घरी आलो.

काही आठवड्यांनी इंजिनाचा आवाज खरखरीत येऊ लागला. तेलाची काठी काढून पाहिली, तो तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलेले. जुने इंजिन थोडेथोडे तेल खाते, हे मला ठाऊक नव्हते. आता त्या विद्यार्थ्याच्या दुकानात पाऊल कसे टाकावे? तोच आठवले, की जावईबापूंनी आपल्या मोटारीचे उरलेले तेल आमच्या फडताळात ठेवले आहे. चांगले उंची, सिंथेटिक तेल. मी ते मोटारसायकलीत ओतले. गरिबाघरच्या लेकराला श्रीमंताघरचे तूप खाऊ घातल्याचे समाधान मला वाटले!

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधीची गोष्ट. सौभाग्यवतींच्या डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते. त्या पहाटेपासून डोळा लाल होऊन ठणकू लागला. असे काही झाल्यास क्षणभरही न दवडता यावे, असे डॉक्टरांनी बजावले होते. रिक्षाची वाट पाहण्यापेक्षा गाडी बरी, म्हणून मी हिला मागे बसवून निघालो. नागपूरच्या वैशाखातील ऊन काय असते ते येथे राहणाऱ्यांस सांगावयास नको. मनीषनगरच्या उड्डाणपुलाचा चढ लागला, आणि इंजिन किंचाळू लागले, पण गाडी पुढे सरकेना. जितकी मूठ पिळावी तितका आवाज वाढे आणि वेग घटे. शेवटी ती उभीच राहिली. ही एका हाताने काळा चष्मा आणि दुसऱ्या हाताने पदर सावरीत कठड्याला टेकून उभी होती; तोंडातून एक अक्षर काढीना. मला त्या मौनाचा अर्थ लावण्याचे धैर्य झाले नाही.

एका रिक्षावाल्याला दया आली आणि आम्ही पोहोचलो. डोळ्यात जंतुसंसर्गाची सुरुवात झाली होती. औषधोपचार झाला, डोळा वाचला. "संध्याकाळपर्यंत थांबला असता, तर मला काही सांगता आले नसते," असे डॉक्टर म्हणाले.

सायंकाळी दार वाजले. पाहतो तो माझा तोच विद्यार्थी. पुलावर उभी असलेली माझी गाडी त्याने ओळखली होती आणि ती स्वतः ढकलीत दुकानात नेली होती. त्याने पहिला प्रश्न गाडीविषयी केला नाही. "काकूंचा डोळा कसा आहे?" असे त्याने विचारले.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात माझा वर्ग भरला; फळ्यापाशी तो आणि बाकावर मी. त्याने इंजिनाखालचा बोल्ट काढला. पेट्रोलाचा वास येणारे, पाण्यासारखे पातळ झालेले काळे तेल परातीत पडले आणि मागाहून गाळ उतरला. तो सांगू लागला. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. बहुतेक वाफ धुराबरोबर जाते, पण थोडी पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरते. थोडे न जळलेले पेट्रोलही उतरते. लांबच्या प्रवासात इंजिन चांगले तापते आणि हे सारे पुन्हा उडून जाते. दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीचे तेल पुरते तापतच नाही. पाणी आणि पेट्रोल आत साचत राहते. म्हणजे जी गाडी कमी चालते, तिचे तेल कमी बिघडते, हा माझा सिद्धांत मुळातच उलटा होता. पुस्तिकेतील 'किंवा एक वर्ष' हे शब्द माझ्यासारख्या निवृत्तांसाठीच लिहिलेले होते.

मग त्याने क्लचच्या प्लेटा दाखवल्या. मोटारीचा क्लच बहुधा कोरडा व वेगळा असतो. मोटारसायकलीचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती मोटारीला उपकारक. पण क्लचचे सारे काम घर्षणावरच चालते, तेथे ती प्लेटा निसटवतात. "प्लेटा आधीच झिजल्या होत्या गुरुजी, तेलानं उरलेलं काम केलं," असे तो माझा दोष हलका करीत म्हणाला. मग किंचित हसून पुढे म्हणाला, "तुम्हीच शिकवलं होतं, स्निह् धातूला सप्तमी लागते. माता पुत्रे स्निह्यति. मी परीक्षेत द्वितीया लिहिली आणि नापास झालो. आता रोज लक्षात ठेवतो. तेल कोणतं, हे नंतर, ते कशात घालायचं, हे आधी."

संस्कृतात स्नेह म्हणजे प्रेम आणि स्नेह म्हणजे तेलही, हे मी तीस वर्षे शिकवीत आलो होतो. त्या शब्दाला सप्तमीचा आधार लागतो, हे मात्र मला त्या दिवशी कळले. अपमान चारचौघांत केला होता, म्हणून क्षमाही तेथेच चारचौघांत मागितली. तो गोंधळून गेला आणि घाईघाईने चहा सांगावयास धावला.

त्यानंतर तेलाच्या बाटलीवरील अक्षरे मी एखाद्या सूत्राप्रमाणे वाचू लागलो. '10डब्ल्यू-30' यातील 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. ज्या नागपूरने 23 मे 2013 रोजी 47.9 अंश तापमान सोसले, तेथे हिवाळ्याशी काय कर्तव्य, असे मला प्रथम वाटले. परंतु इंजिन शंभर अंशांच्या आसपास काम करते. त्या मानाने आपली उन्हाळ्यातील सकाळही थंडच. गाडी सुरू होताक्षणी तेल किती लवकर सर्वत्र पोहोचते, ते पहिल्या आकड्यावरून समजते. आकडा जितका लहान, तितके थंडपणी ते अधिक प्रवाही. दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो, आणि तो शंभर अंशांवर मोजतात. 'जासो एमए' हे चिन्ह तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठी. 'एमबी' हे कोरड्या क्लचच्या स्कूटरींसाठी. येथील कडक उन्हाळ्याकडे बोट दाखवून दाट तेल घ्या, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरचा उन्हाळा जाणवतो, हे खरे. पण त्यासाठी कोणते तेल चालेल, हेही पुस्तिकाच सांगते. बाटलीवर सूत्र असते, पुस्तिका हे त्याचे भाष्य. आणि भाष्यावाचून सूत्र लावू नये, हा तर आमच्याच शास्त्राचा दंडक.

याच्या अगदी उलट टोकाला आमच्या वसाहतीतील एक सद्गृहस्थ आहेत. तेल काळे दिसले, की त्यांचा जीव कासावीस होतो. नव्या पेट्रोल मोटारींच्या पुष्कळ पुस्तिकांत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, अशी मुदत असते. हे मात्र दर तीन हजारांनी, तेही सर्वांत महाग तेल भरतात. तेल काळे होणे हा बहुधा दोष नव्हे. काजळी भांड्याला चिकटू न देता स्वतःत धरून ठेवावी, यासाठीच त्यात द्रव्ये मिसळलेली असतात. चांगले तेल अकारण काढले, तर पैसा जातो आणि काढलेल्या तेलाचे काय करावे, हा प्रश्न उरतो. ते जमिनीवर ओतणे म्हणजे आपल्याच विहिरीत विष कालवणे होय. वापरलेले तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी आता कायद्याने तेल विकणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. तो नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. माझा विद्यार्थी ते पिंपात साठवून अधिकृत नेणाऱ्याच्या हवाली करतो.

मी प्रतिवर्षी दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालीत आलो, हळदकुंकू वाहिले. पण तेलाची काठी काढून पाहण्याचे कधी सुचले नाही. आता महिन्यातून एकदा गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करतो, इंजिन चार मिनिटे चालवून बंद करतो, दोन-तीन मिनिटे थांबतो, काठी पुसून नुसती टेकवतो आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते पाहतो. वरच्या खुणेपलीकडे भरणे हेही तितकेच वाईट. बदलण्याचा दिवस मात्र अक्षय्य तृतीयेचा ठरवला आहे. क्षय पावणाऱ्या वस्तूची आठवण ठेवावयास याहून योग्य तिथी मला सापडली नाही.

यंदा त्या दिवशी पुरणपोळीचे जेवण आटोपून मी गाडी काढली, तेव्हा ही दारापर्यंत आली.

"किती किलोमीटर झाले?" तिने विचारले.

"अकराशे."

"आणि महिने?"

"बारा," मी म्हणालो. तिने डोळ्यांवर हाताची सावली धरून रस्त्याकडे पाहिले आणि त्या मुलासाठी बांधलेल्या पोळ्यांचा डबा माझ्या पिशवीत ठेवला.