पाठीवरचे बिऱ्हाड

वाचकहो, राहत्या जागेसाठी मराठीत जे शब्द आहेत, त्यांपैकी ‘घर’ आणि ‘बिऱ्हाड’ हे दोन आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. नीट पाहिले तर ते सारखे नाहीत. घर बांधले जाते. बिऱ्हाड थाटले जाते आणि हलवलेही जाते. घराला पाया असतो, तर बिऱ्हाड ते उचलणाऱ्या माणसांच्या बळावर उभे असते. भालचंद्र नेमाडे यांच्या 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे ‘बिढार’ हे नाव याच शब्दाचे दुसरे रूप आहे, हे तुमच्या वाचनात आले असेल. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मात्र आपण थोड्या हेटाळणीनेच उच्चारतो. ज्याला एक ठिकाण नाही, त्याच्याविषयी ती बोलली जाते. शाळेत मराठी शिकवताना मी तिचा हाच अर्थ वर्षानुवर्षे सांगत आले. निवृत्तीनंतर आम्ही पतिपत्नी स्वतःच चाकांवरच्या घरात राहू लागलो आणि त्या म्हणीकडे पाहण्याची माझी जागाच बदलली.

आमचे घर बाळकुमचे. ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता कशेळीच्या पुलावर चढतो, त्याच्या अलीकडचे हे खाडीकाठचे गाव. आगरी आणि कोळी कुटुंबांची जुनी घरे पाड्यांतून अजून उभी आहेत. त्यांच्या डोक्यावर आता उंच इमारती आल्या आहेत आणि नाक्यावर मेट्रोचे खांब. अशाच एका इमारतीतील सदनिका आम्ही भाड्याने दिली आहे. तिचे भाडे आणि आम्हा दोघांचे निवृत्तिवेतन यांवर आमचे चालते. आम्ही राहतो ते एका मोटारीत. ती सुमारे सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे. चालकाची जागा वगळली तर शंभर चौरस फूटही भरत नाहीत. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याच सुमारास ही गाडी तयार होत होती. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून प्रत्येक बदल मंजुरी घेऊनच झाला.

पावसाळ्याचे चार महिने ही गाडी बाळकुमच्या पाड्यातील एका स्नेह्यांच्या अंगणात उभी असते आणि तेव्हाही आम्ही तिच्यातच राहतो. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये आपण हयात असल्याची नोंद द्यावी लागते. ती दिली, की आमचा हिवाळी प्रवास सुरू होतो आणि गुढीपाडव्यापर्यंत चालतो. आपण जिवंत आहोत असे लिहून देऊन घराबाहेर पडणे, या क्रमात मला दरवर्षी काहीतरी शुभ वाटते.

तुम्हाला वाटेल, हे सगळे मौजेचे आहे. मौज आहेच, पण आधी हिशोब आहे. शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दररोज 135 लिटर पाणी धरतात. आमच्या टाकीत 100 लिटर मावते आणि ते आम्हा दोघांना दोन दिवस पुरवावे लागते. म्हणून आंघोळ तांब्याने मोजून होते, भांडी आधी कागदाने पुसून मग धुतली जातात. विजेसाठी टपावर सौरपट्ट्या आहेत. ढगाळ दिवशी संध्याकाळी दिवा लावायचा की पंखा, हे ठरवावे लागते. रुसून बसायला दुसरी खोली नाही. चार दशकांच्या संसारात आम्ही जितके वाद अर्धवट सोडून आपापल्या खोलीत गेलो असू, तितके या गाडीने आम्हाला पूर्ण करायला लावले. वाद फारच वाढला, तर एकाने घडीची खुर्ची घेऊन बाहेर बसायचे आणि दुसऱ्याने चहा ठेवायचा, असा आमचा अलिखित नियम आहे.

आपल्या परंपरेत उतारवयाच्या प्रवासाला वानप्रस्थाश्रमाचे नाव आहे. मनुस्मृतीने पुरुषाला त्या वेळी दोन मार्ग दिले आहेत: पत्नीला पुत्रांच्या स्वाधीन करावे किंवा तिला सोबत न्यावे. पत्नीला काय हवे, हा प्रश्न तेथे नाही. आमच्याकडे प्रवासाचा विचार प्रथम मीच बोलून दाखवला. माझ्या पतींनी नोकरीची सारी वर्षे कोलशेत परिसरातील एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काढली आणि मी शाळेच्या घंटेवर. आयुष्यात एक तरी हिवाळा दोघांनी एकाच वेळी सूर्योदय पाहावा, एवढीच माझी मागणी होती.

प्रवासाला लागल्यावर मात्र लक्षात आले, की महाराष्ट्राच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बिऱ्हाड घेऊन फिरणारे आम्ही एकटे नाही. किंबहुना आम्ही सर्वांत नवखे आहोत. दिवाळीनंतर सातारा-पुणे जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यातील धनगर मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि कोकणातील कापणी झालेल्या भातशेतांत वाडा बसवतात. घोड्याच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि कधी एखादे लहान मूलही असते. मेंढरांच्या लेंड्यांनी शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसा मिळतो आणि पावसाच्या आधी वाडा परत घाट चढतो. हा प्रवास कष्टाचा खराच. पण त्यामागे पिढ्यांचे शहाणपण आहे.

दुसरे हिवाळी प्रवासी आहेत ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी मार्च-एप्रिलपर्यंत तोड चालते. कामाचे माप एक माणूस नसते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. आजारपणाने दिवस बुडाला तर तो खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि शासनाला समिती नेमावी लागली. त्यामागे या खाड्याची भीती हेही एक कारण सांगितले गेले.

भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर रोहित पक्षी पाहण्यासाठी आम्ही एका जानेवारीत मुक्काम केला होता. जवळच्या शेताच्या कडेला ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. संध्याकाळी पाण्याची घागर घेऊन एक बाई गाडीच्या दाराशी थांबली. आत डोकावून तिने शेगडी पाहिली, पलंग पाहिला.

“बाई, ह्यातच ऱ्हाता व्हय तुमी?”

“हो, ह्यातच.”

“घर न्हाई तुमाला?”

“आहे की. ठाण्याला.”

“मंग?”

त्या ‘मंग’ला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. फिरायची हौस आहे, असे मी म्हणाले. ती हसली, त्या हसण्यात उपरोध नव्हता. “आमालाबी हाय घर. दोन खोल्या. कुलूप लावून आलोय,” ती म्हणाली. मुलगी गावी हंगामी वसतिगृहात होती, धाकटा मुलगा सोबत होता. पहाटे चारला तिला फडात जायचे होते. आमच्या टाकीतून तिची घागर भरून दिली, तेव्हा निम्मे पाणी संपले नव्हते; मात्र त्या रात्री पाण्याचा हिशोब मांडायला मला संकोच वाटला.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करते आहे. तिचे बिऱ्हाड आणि माझे बिऱ्हाड बाहेरून सारखेच: हिवाळ्यात निघायचे, जोडीने निघायचे, चूल सोबत न्यायची. फरक चाकांत किंवा सोयींत आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण खरा फरक थांबण्याचा आहे. मला वाटेल त्या दिवशी मी बाळकुमला परत फिरू शकते. तिला उचल फिटेपर्यंत तसे करता येत नाही. ज्याला आपण प्रवासाचे स्वातंत्र्य म्हणतो, ते निघण्याइतकेच परतण्याच्याही हक्कात असते.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. इंग्लंडमध्ये 1885 साली नौदलातील निवृत्त शल्यचिकित्सक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी ‘वाँडरर’ नावाची, दोन घोड्यांनी ओढायची ऐसपैस घरगाडी बांधून घेतली आणि हौसेने देश पाहिला. तिकडे अमेरिकेत 2008 च्या आर्थिक संकटानंतर अनेक वृद्धांनी घरे गमावली आणि ते मोटारींत राहू लागले. जेसिका ब्रूडर यांनी ‘नोमॅडलँड’ या 2017 च्या पुस्तकात त्यांची हकीकत लिहिली. त्यावरील चित्रपट पुढे जगभर गाजला. ही माणसे हंगामी कामे शोधत फिरतात आणि त्यांतले एक काम साखरेच्या बीटच्या हंगामाचे आहे. ते वाचताना मला उजनीकाठची घागर आठवली. गाडी तीच असते. हौस आणि नाइलाज यांनी तिच्यातले आयुष्य वेगळे होते.

‘अर्धा कोयता’ हा शब्द मात्र माझ्या मनात वेगळ्याच कारणाने रुतून बसला. गेल्या वर्षी माझ्या पतींच्या डोळ्यांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. या विकारात गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची असते. रात्री गाडी चालवणे त्यांनी त्याच आठवड्यात बंद केले. एके संध्याकाळी ते म्हणाले, “अगं, माझे डोळे गेले तर हे घर आहे तिथेच उभे राहील.” मी म्हटले, “अहो, घरे उभीच असतात.” दोघेही हसलो, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या घराला मी माझे म्हणत होते, त्याची किल्ली फिरवणारा हात एकच होता. उद्या एकटीवर वेळ आली, तर माझीही गणती अर्ध्यात झाली असती.

पावसाळ्यात मी शिकाऊ परवाना काढला. चाळिशी उलटलेल्यांना नमुना 1-अ वर वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, ते दिले. 30 दिवसांनंतर पक्की परीक्षा देता येते, मी ती तीन महिन्यांनी दिली. हलक्या वाहनाचा परवाना 7,500 किलोपर्यंतच्या वाहनाला चालतो आणि आमची गाडी त्या मर्यादेत बसते. पहाटे बाळकुम-कोलशेत रस्त्यावर वाहने कमी असताना मी सराव करत असे. शेजारी ते बसत आणि मी गियर बदलताना आपला डावा पाय नकळत दाबत. पंचावन्न वर्षांनंतर काढलेला परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. ही मुदत आम्ही मनाशी धरून ठेवली आहे. त्यानंतर दोघांपैकी कोणालाही सुरक्षितपणे गाडी चालवता आली नाही, तर भाडेकरूंना वेळेत कळवून आम्ही सदनिकेत परतणार आहोत. असे ठरवता येणे हीच आमची श्रीमंती आहे, हे आता मला कळते.

वाचकहो, हिवाळ्यात रस्त्याने जाताना उसाने भरलेला ट्रॅक्टर किंवा टायरगाडी तुमची वाट अडवील, तेव्हा त्यामागे एखादे बिऱ्हाडही चालत असेल, याकडे लक्ष द्या. त्यातील माणसे कोठून निघाली हे सहज विचारता येते. परत कधी जाणार, हेही विचारून पाहा. मराठीचे अभ्यासक म्हणून ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीचा अर्थ लिहाल, तेव्हा ते बिऱ्हाड हौसेने उचलले आहे की नाइलाजाने, हेही पाहावे, अशी माझी विनंती आहे.

येत्या नोव्हेंबरात हयातीची नोंद झाली, की आम्ही पुन्हा निघू. ठाणे सोडेपर्यंतची गर्दी अवघड असते, म्हणून कापूरबावडीच्या चौकातून गाडी त्यांनी बाहेर काढावी असे ते सुचवत आहेत. मी मात्र बाळकुमच्या अंगणापासूनच चालवायचे ठरवले आहे.