नाही म्हणण्याची मुभा

अणदूरसारख्या गावात समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा (एमएसडब्ल्यू) विद्यार्थी क्षेत्रकार्याला येतो तेव्हा त्याचा पहिला शिक्षक गावच असतो. सर्वेक्षणाचा तक्ता घेऊन तो दारात उभा राहतो आणि घरातली बाई कधीच शेतावर गेलेली असते. बैठकीची तारीख तो ठरवतो आणि नेमकी तेव्हाच खंडोबाला आणायची गडबड गावात सुरू असते. (हा देव वर्षातला काही काळ नळदुर्गला आणि उरलेला काळ अणदूरला राहतो. दोन्ही गावांची माणसे त्यासाठी आपसांत लेखी करार करतात.) या साऱ्याचा वृत्तांत विद्यार्थी आपल्या वहीत लिहितो आणि ती वही वाचणे हा आमच्या शिकवण्याचा गाभा आहे. व्याख्यानातले बरेचसे पुस्तकातूनही मिळते. पण ‘मी त्यांना समजावून सांगितले’ या ओळीपाशी थांबून समासात ‘आणि त्यांनी काय सांगितले?’ असे लिहिणारा कोणी लागतो. ख्रिस्ती महाविद्यालयात किंवा विद्यापीठात समाजकार्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाची श्रद्धा मी या समासात तपासते. त्याच्यासमोर विद्यार्थ्याला आणि विद्यार्थ्यासमोर गावकऱ्याला निर्धास्तपणे नाही म्हणता येते का, एवढेच मी पाहते.

ही कसोटी मी बाहेरून आणलेली नाही. समाजकार्याची भारतातली पहिली शाळा १९३६ साली मुंबईत नागपाड्याला निघाली. पैसा टाटांच्या न्यासाचा होता आणि पहिले संचालक होते क्लिफर्ड मॅन्शार्ट, अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. नागपाडा नेबरहूड हाउस त्यांनी वस्तीतल्या सगळ्या धर्मांच्या माणसांसाठी चालवले. धर्मांतर हा त्या कामाचा हेतू नव्हता. त्या शाळेची पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली आणि ऐंशीच्या दशकात तिचे ग्रामीण केंद्र आमच्या तुळजापुरात आले. निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय मुंबईत १९५५ साली ‘डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी’ या कॅथलिक संघाने काढले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत जन्मलेल्या या संघाच्या भगिनी वेगळा धार्मिक पोशाख घालत नाहीत. सर्वांत बोलका पुरावा मात्र फेलिक्स बायस्टेक यांचा आहे. शिकागोच्या लोयोला या कॅथलिक विद्यापीठात समाजकार्य शिकवणारे हे जेझुइट धर्मगुरू. व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वे त्यांनी १९५७ साली पुस्तकरूपाने मांडली आणि एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षाला आजही तीच पाठ करावी लागतात. सेवार्थीचा स्वीकार करा, त्याला दोषी ठरवू नका, त्याचा निर्णय त्याला घेऊ द्या, असे लिहिणारा माणूस पापाची कबुली ऐकणाऱ्या परंपरेतला होता. इतरांपेक्षा त्याला हे सोपे गेले असेल असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्याच्या शब्दांना वजन आहे.

यावर मराठी वाचकाच्या मनात येणारा आक्षेप शारदा सदनाचा, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली विधवांसाठी हे सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. तिथे त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. फक्त प्रार्थना करताना आपल्या खोलीचे दार उघडे ठेवले आणि मुली येऊन बसू लागल्या. १८९३ साली वाद पेटला, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार म्हणजे दबाव का? मला वाटते, आत येणाऱ्या मुलीला दुसरीकडे कुठे जागाच नसेल तर तो असू शकतो. जिच्याकडून अन्न, निवारा आणि शिक्षण मिळते तिच्या प्रार्थनेला न जाणे लहान विधवेला किती जड जाईल, हे प्रार्थना करणारीला आतून कळणे अवघड आहे. पण मुली काढून नेणाऱ्यांनी तरी ‘तुला इथे राहायचे आहे का’ असे मुलीला विचारले होते का? निर्णय तिचा होता आणि तो दोन्हीकडून दुसऱ्यांच्याच हातात राहिला. प्राध्यापकाच्या हातात अंतर्गत गुण असतात, विद्यार्थ्याच्या हातात कधी औषधाची चिठ्ठी असते तर कधी योजनेचा अर्ज. समोरच्याला आपली गरज असते तिथे साधे आमंत्रणही जड होते, एवढे शारदा सदनाकडून शिकावे. त्यासाठी रमाबाईंच्या कामाचा मोठेपणा नाकारावा लागत नाही.

मग श्रद्धा घरीच ठेवून यावे, व्यवसायात तटस्थताच बरी, असे काही सहकारी म्हणतात. पण तटस्थ प्राध्यापक कोणता? व्यसनमुक्ती, शौचालय, मुलींचे लग्नाचे वय यांबद्दल आम्हा सगळ्यांनाच ठाम मते असतात आणि ती आम्ही विद्यार्थ्यांमार्फत गावात नेतो. ती योग्य असली तरी उपदेश तो उपदेशच. ज्याला आपला पंथ ठाऊक आहे तो निदान त्याच्यावर नजर ठेवू शकतो. ज्याला आपल्याला पंथच नाही असे वाटते, तो कशावर ठेवणार?

यापेक्षा अवघड आक्षेप अणदूरनेच घेतला. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि कमी शिकलेल्या, अनेकदा निरक्षर बायकांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवले. नव्वदच्या दशकात इथे अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ म्हणून गावच्या बायकाच तयार केल्या, आणि त्या कामामागे कुठले चर्च नव्हते. गावातल्या बाईवर एवढा विश्वास ख्रिस्ताशिवायही टाकता येतो, तर ख्रिस्ती संस्थेत हे शिकवण्याचे वेगळे प्रयोजन काय?

मला दिसते ते उत्तर मर्यादित आहे. नकाराचा आदर पुष्कळ जण करतात, पण त्यानंतर फाईल बंद होते. उपचार अर्धवट सोडून पुन्हा दारूकडे वळलेला माणूस, तीनदा हाकलून देणारे घर, बचत गटातून रागाने उठून गेलेली बाई यांच्याकडे पुन्हा जाण्याचे व्यावसायिक कारण लवकर संपते. उद्दिष्ट पुरे झालेले असते, निधीची मुदतही सरते. जिथे लायकी पाहून प्रेम केले जात नाही अशा कृपेवर ज्याचा विश्वास आहे, त्याच्याकडे तिथे परत जाण्याचे एक कारण शिल्लक असते. हे कारण फक्त ख्रिस्ती माणसाकडेच असते असे मी म्हणत नाही. मात्र ख्रिस्ती म्हणवणाऱ्या संस्थेत ते नसेल तर तिच्या नावाला अर्थ उरत नाही.

म्हणून माझा आग्रह मूल्यमापनाच्या तक्त्याबद्दल आहे. आज भरलेल्या बैठका, लाभार्थ्यांची संख्या आणि फोटो यांना गुण मिळतात. मूल्यांकन समितीपुढे ठेवायलाही तेच सोयीचे पडते. दार बंद झाले असे प्रामाणिकपणे लिहिणारी मुलगी मागे पडते आणि पुढच्या आठवड्यात तीच मुलगी होकार रचून लिहायला शिकते. अहमदनगर कॉलेजच्या समाजकार्य संस्थेपासून निर्मला निकेतनपर्यंत ख्रिस्ती प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या संस्थांना या तक्त्यात एक रकाना स्वतःहून वाढवता येईल: कोणी नकार दिला, का दिला, आणि त्यानंतर तुम्ही त्या घरी पुन्हा कधी गेलात. त्याला बैठकीइतकेच गुण असावेत.